घराभोवतीचे शंभर फूट

वैशाखातली दुपार. नांदेडहून लातूरला निघालेली एस.टी. लोह्याजवळ येते, तेव्हा खिडकीतून दोन्ही बाजूंना एकच रंग दिसतो : पिवळा. माळावर वाळलेले कुसळी गवत, धुऱ्यावर वाळलेली झुडपे, घरांच्या कडेला रचलेल्या कडब्याच्या गंज्या, तुराट्यांचे आणि पऱ्हाट्यांचे ढीग. मधूनच एखादा काळा पट्टा दिसतो. तिथे कुणीतरी धुरा पेटवलेला असतो किंवा धसकटे जाळलेली असतात. हा काळा पट्टा बहुतेक वेळा शेताच्या कडेला संपतो. एखाद्या वेळी मात्र तो माळ चढून थेट वस्तीच्या कुंपणापर्यंत आलेला दिसतो.

वणवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीचा किंवा मेळघाटाचा डोंगर येतो. मराठवाड्यात जंगलच थोडे, तेव्हा इथे वणव्याची चिंता ती काय, असे वाटते. पण आग पसरायला जंगल लागत नाही. वाळलेले गवत पुरते. शिवाय लोह्यासारखी तालुक्याची गावे आता शेतात पसरत चालली आहेत. नव्या वसाहतीत दोन घरे उभी राहतात, मधले चार प्लॉट रिकामे असतात, त्यांत पावसाळ्यात कमरेइतके गवत वाढते आणि फाल्गुनापर्यंत ते वाळून कोळ होते. शेत, माळ आणि वस्ती यांच्यातली जुनी सीमा पुसट झाली आहे.

ज्वलनाला इंधन, ऑक्सिजन आणि उष्णता या तीन गोष्टी लागतात, हे आपण वर्गात शिकवतो. मुले ते पाठही करतात. पण एखादा चौकस मुलगा विचारील, ‘‘गुरुजी, एकाच ओळीतल्या दोन घरांपैकी एक जळाले आणि एक राहिले, असे का?’’ इंधन दोन्हीकडे होते, हवा तीच होती, आगही तीच होती. या प्रश्नाचे उत्तर शोधताना गेल्या तीस वर्षांत शास्त्रज्ञांच्या हाती काही गोष्टी लागल्या आहेत. त्या आपल्या उपयोगाच्या आहेत.

ज्वाळा की ठिणगी?

आगीची भिंत पुढे सरकत येते आणि वाटेतले घर गिळते, असे चित्र आपल्या मनात असते. हे चित्र कितपत खरे आहे, हे अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी तपासून पाहिले. १९९७ ते २००० या काळात कॅनडाच्या वायव्य भागात काही शास्त्रज्ञांनी मिळून सूचिपर्णी जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवले. ही आग शेंड्यांवरून धावणारी, म्हणजे वणव्याचा सर्वांत उग्र प्रकार होती. जंगलाच्या कडेपासून १०, २० आणि ३० मीटर अंतरावर लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या. १० मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या, काही वेळा नुसत्या काळ्या पडल्या. २० आणि ३० मीटरवरच्या भिंती पेटल्याच नाहीत.

याचे कारण किरणोत्सर्गाने येणाऱ्या उष्णतेत आहे. भर दुपारी एका चौरस मीटरवर सूर्याची सुमारे एक किलोवॅट उष्णता पडते. याच्या पाचपट उष्णता अंगावर पडली तर कातडी अर्ध्या मिनिटाच्या आसपास भाजते. लाकूड पेटायला, तेही जवळ एखादी ठिणगी असताना, बारा-तेरा पट उष्णता काही मिनिटे सतत पडावी लागते. आगीपासून दूर जावे तशी ही उष्णता झपाट्याने कमी होते. त्यातच गवताची आग एका जागी फार थांबत नाही. गवत मिनिटभरात जळून जाते आणि आग पुढे सरकते. तीस मीटर, म्हणजे शंभर फूट, दूर असलेल्या भिंतीला पेटण्याइतका वेळच मिळत नाही.

मग घरे जळतात कशी? कॅलिफोर्नियातले पॅरडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी जळाले. ८५ माणसे दगावली आणि अठरा हजारांहून अधिक इमारती गेल्या. नंतरच्या छायाचित्रांत एक विलक्षण गोष्ट दिसते. घराच्या जागी राखेचा चौकोन आहे, आणि शेजारचे झाड हिरवे उभे आहे. आगीची भिंत आली असती तर झाड आधी जळाले असते. घर पेटले ते ठिणग्यांनी. वाऱ्याबरोबर उडालेल्या ठिणग्या आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडल्या. कुठे पन्हाळीतल्या पाचोळ्यात, कुठे पायरीखालच्या कचऱ्यात, कुठे भिंतीला टेकवलेल्या सरपणात. तिथे लहानशी आग लागली, तिने घर पेटवले, आणि त्या घराने शेजारचे.

म्हणजे प्रश्न बदलला. ‘वणवा कसा अडवायचा?’ हा एक प्रश्न आहे. तो वनखात्याचा, सरकारचा आणि सगळ्या समाजाचा आहे. ‘ठिणगी पडली तर माझ्या घरी तिला काय सापडेल?’ हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बरेचसे घराभोवतीच्या शंभर फुटांत आहे.

बारीक आणि जाड, सुके आणि ओले

ठिणगीजवळ उष्णता फारच थोडी असते. चुलीतला ओंडका पेटवायला आपण आधी काटक्या, गोवरीचा चुरा किंवा कागद घालतो. काटकीचा पृष्ठभाग तिच्या वजनाच्या मानाने मोठा असतो; तिला हवा भरपूर लागते आणि ती लवकर तापते. ओंडक्यात उष्णता आत झिरपून जाते. ठिणगीला ओंडका पेटवता येत नाही, पण ज्वारीची वाळकी पाती, सोयाबीनचे भुसकट किंवा कडुनिंबाचा पाचोळा सहज पेटवता येतो. आणि हीच हलकी, पातळ पाती जळता जळता गरम हवेच्या झोताबरोबर वर चढते व नवी ठिणगी होऊन पुढे जाते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. वाळलेले गवत हवेतला ओलावा सतत घेत आणि सोडत असते. बारीक काडी तासाभरात हवेशी जुळवून घेते. मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. तेव्हा गवतात त्याच्या वजनाच्या जेमतेम तीन ते पाच टक्के पाणी उरते. पहाटे हवा थंड आणि तुलनेने दमट असते, गवत थोडे मऊ पडते. ओलावा वीस टक्क्यांच्या आसपास असेल तर आग बहुधा पुढे सरकत नाही. सकाळी नीट विझत असलेला धुरा दुपारी आवरत नाही, त्याचे कारण हे.

तिसरी गोष्ट उताराची. चढावर आगीची ज्वाळा पुढच्या गवताच्या अंगावर झुकते आणि त्याला आधीच तापवून ठेवते. ढोबळ मानाने दर दहा अंश चढाला आगीचा वेग दुप्पट होतो. आपल्याकडे बालाघाटच्या डोंगररांगांच्या आधाराने अनेक वाड्या माळाच्या माथ्यावर आहेत. त्यांना खालच्या शेतातली आग जवळची समजली पाहिजे.

पांढरी, काळी आणि माळवद

जुन्या गावाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गावात जमिनीचे दोन भाग मानलेले असत. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन आणि काळी म्हणजे पिकाची. खळे काळीत, घर पांढरीत. मळणीची धसमुसळ, भुसा आणि बराचसा कडबा शेतातल्या आखाड्यावर राही. घरापुढचे अंगण रोज झाडलेले आणि शेणामातीने सारवलेले असे. तिथे ठिणगी पडली तर तिला जाळायला काही नसे. अंगण सारवण्यामागे आगीचा विचार होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण परिणाम तोच होत होता.

छपराचेही तसेच. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरावर माळवद असे. सागाच्या तुळया, त्यांवर किलचांचा थर आणि त्यावर एक ते दोन फूट जाडीची पांढरी माती. ठिणग्यांपासून बचावाच्या दृष्टीने यापेक्षा चांगले छप्पर मिळणे कठीण. उन्हाळ्यात ते घर थंडही ठेवी.

पण याच माळवदाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय केले, ते लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतल्या माणसांना सांगायला नको. किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या, आणि वरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. हजारो माणसे गेली. त्यानंतर आसपासच्या जिल्ह्यांतही लोकांनी माळवदाची धास्ती घेतली आणि जमेल तसा पत्रा किंवा स्लॅब घातला. ते योग्यच झाले. एका संकटापासून वाचवणारी वस्तू दुसऱ्या संकटात घातक ठरू शकते, हे मुलांना समजावून द्यायला यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

पत्रा स्वतः जळत नाही. पण पत्रा आणि भिंत यांच्यात फटी राहतात, नालीदार पत्र्याच्या लाटांखाली तर हमखास राहतात. त्यांतून ठिणगी आत जाते आणि माळ्यावर ठेवलेल्या पोत्यांवर पडते. दुसरे म्हणजे पत्रा तापतो. म्हणून उन्हाळ्यात त्यावर कडबा, तुराट्या, पाचट किंवा हिरवी प्लास्टिकची जाळी टाकण्याची पद्धत आहे. उकाड्यावर हा उपाय समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे न जळणाऱ्या छपरावर आपण स्वतःच इंधन पसरतो. चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात पत्र्यावर दिला तर ऊन बरेचसे परत फेकले जाते, आणि ठिणगीला काही मिळत नाही. फटी सिमेंटने किंवा बारीक लोखंडी जाळीने बंद करता येतात. जाळीमुळे हवा खेळती राहते.

शंभर फुटांचे तीन भाग

घराभोवतीच्या जागेचे तीन पट्टे कल्पून काम केले तर सोपे जाते.

पहिला पट्टा भिंतीपासून पाच फुटांचा. हा सर्वांत महत्त्वाचा. इथे जळण्याजोगे काहीही नको. सरपण, गोवऱ्या, तुराट्या, रिकामी पोती, जुने टायर, झाडूचा ढीग यांपैकी काही भिंतीला टेकलेले नसावे. जमीन सारवलेली, फरशीची किंवा मुरमाची असावी. ठिणग्या कुठे साठतील हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वारा जिथे पाचोळा आणून टाकतो, तिथेच तो ठिणग्याही आणून टाकतो. घराचा जो कोपरा रोज झाडावा लागतो, तोच जपण्याचा कोपरा.

दुसरा पट्टा पाच ते तीस फुटांचा. इथे झाडे असायला हरकत नाही. दारचा कडुनिंब तोडण्याचे तर मुळीच कारण नाही. हिरव्या पानांत पाणी भरपूर असते आणि सावलीने घर थंड राहते. मात्र त्याखालचा पाचोळा उचलावा, जमिनीलगतच्या वाळक्या फांद्या छाटाव्यात आणि पत्र्यावर टेकणारी फांदी कापावी. शिंदीची वाळून लोंबणारी झावळी उतरवावी. गवत वाढू द्यायचे तर मार्गशीर्षात कापून घ्यावे. जनावरांना चाराही होतो.

कुंपणाकडे खास लक्ष हवे. बाभळीच्या आणि बोरीच्या वाळक्या काट्यांचे कुंपण म्हणजे शेतापासून दारापर्यंत घातलेली वातच. एका टोकाला लागलेली आग ते दुसऱ्या टोकाला पोचवते. पूर्वी बांधावर शेर, निवडुंग, घायपात लावीत. ही मांसल झाडे उन्हाळ्यातही पाणी धरून ठेवतात आणि सहजासहजी पेटत नाहीत. वाळक्या काट्यांचेच कुंपण असेल तर घराजवळचा दहा फुटांचा तुकडा काढून तिथे दगडाचा गडगा किंवा तार घालावी. वात तिथे तुटते.

तिसरा पट्टा तीस ते शंभर फुटांचा. इथे सगळे उघडे-बोडके करण्याची गरज नाही. आग सलग चालत येऊ नये, एवढेच पाहायचे. पायवाट, नांगरलेले तास, खडीचा रस्ता, हिरवा भाजीचा वाफा यांनी गवताचे तुकडे पाडावेत. वनखाते जंगलात जाळरेषा आखते, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

आता थोडे गणित. शंभर फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस फूट भरते. नव्या वसाहतीतला प्लॉट तीस बाय चाळीस, म्हणजे १,२०० चौरस फुटांचा धरला, तर रस्ते धरून हे वर्तुळ सव्वीस प्लॉटांएवढे होते. माझे अंगण मी कितीही झाडले, तरी माझ्या शंभर फुटांतला बहुतेक भाग माझ्या मालकीचा नाही. तो शेजाऱ्यांचा आहे, पुण्याला राहणाऱ्या प्लॉटमालकाचा आहे, नगरपरिषदेच्या मोकळ्या जागेचा आहे. तसेच माझे घर त्या सगळ्यांच्या शंभर फुटांत आहे. आगीपुरते पाहिले तर सगळी वसाहत एकच घर आहे.

मालक लक्ष देत नसलेल्या जमिनीचे काय होते, याचे एक दूरचे उदाहरण पाहू. हवाई बेटांवरच्या लहायना गावाभोवती एके काळी ऊसमळे होते. साखरेचा धंदा बंद पडला, मळे पडीक झाले आणि त्यांत आफ्रिकेतून आलेले उंच गवत माजले. ८ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी तुटलेल्या वीजतारांमुळे तिथे गवत पेटले. ती आग विझली असे समजून अग्निशामक दल परतले. दुपारी सोसाट्याच्या वाऱ्यात तीच आग पुन्हा जागी झाली आणि गाव जळाले. शंभराहून अधिक माणसे मरण पावली. यात दोन धडे आहेत. पडीक जागेतले गवत ही सगळ्या गावाची बाब आहे, आणि धूर थांबला म्हणजे आग विझली असे नाही. चुलीतली राख पाणी न मारता उकिरड्यावर टाकणाऱ्या घरालाही हा दुसरा धडा लागू पडतो.

गंजी

आपल्याकडच्या घरांचा सर्वांत मोठा धोका मात्र माळावर नाही. तो गोठ्याशेजारी रचलेला आहे. कडब्याची गंजी म्हणजे जनावरांचे वर्षाचे पोट. म्हणून ती डोळ्यांसमोर, घराजवळ ठेवावीशी वाटते. दुष्काळी वर्षात तर ती दागिन्यासारखी जपावी लागते.

एक किलो कोरडा कडबा जळताना सुमारे १६ हजार किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने सुमारे सहा लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. एक टन कडब्याला हाच हिशोब लावला तर सहा हजार लिटर, म्हणजे टँकरभर पाणी लागेल. हा हिशोब ढोबळ आहे. आग विझवायला सगळी उष्णता शोषून घ्यावी लागत नाही. पण तात्पर्य खरे आहे. ठिणगी तांब्याभर पाण्याने विझते. पूर्ण पेटलेली गंजी बादल्यांनी विझत नाही. तेव्हा पाणी शेजारच्या घरावर आणि गोठ्यावर मारणेच शहाणपणाचे असते.

म्हणून गंजी घरापासून शक्य तो शंभर फूट दूर असावी, आणि उन्हाळ्यात जिकडून वारा येतो त्या बाजूला नसावी. एका मोठ्या गंजीऐवजी अंतर ठेवून दोन लहान गंज्या घातल्या, तर एक गेली तरी दुसरी राहते. गंजीवरून विजेची तार जात नसावी. लोंबत्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आपटल्या की ठिणग्या पडतात.

गंजी कुणी न पेटवताही पेटू शकते, हे पुष्कळांना पटत नाही. रब्बीची ज्वारी काढून कडबा पडलेला असतो आणि अवकाळी पाऊस येतो. ओला कडबा घाईने रचला, तर आत जीवाणू आणि बुरशी वाढू लागतात. त्यांच्या श्वसनाची उष्णता बाहेर पडायला वाट नसते, कारण कडबा उष्णतेचा मंदवाहक आहे. आतले तापमान साठ-सत्तर अंशांपर्यंत चढते. त्यापुढे जीवाणू मरतात, पण तोवर मंद रासायनिक ऑक्सिडीकरण सुरू झालेले असते आणि ते तापमान आणखी वाढवत नेते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गंजी आतून धुमसू लागते. म्हणून कडबा पूर्ण वाळल्याशिवाय रचू नये. शंका असेल तर लांब लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी काढून पाहावी. हाताला धरवत नसेल तर धोका आहे असे समजावे. पण एकट्याने गंजी उसकायला जाऊ नये. आत हवा शिरताच ती भडकू शकते. पाणी आणि माणसे जवळ ठेवूनच ती उघडावी.

धुरा पेटवताना

धसकटे आणि धुरे जाळू नयेत हे उत्तम. जमिनीत जाऊ शकणारा सेंद्रिय भाग त्यात जळून जातो, आणि नत्राचा बराचसा अंश धुराबरोबर निघून जातो. पण मजूर मिळत नाहीत, पेरणी तोंडावर आलेली असते, आणि काडेपेटी स्वस्त असते. ही शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. जाळण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर निदान एवढे पाळावे. जाळायच्या पट्ट्याभोवती आधी नांगराचे दोन-तीन तास मारून माती उघडी करावी. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर, चार माणसे आणि पाणी हाताशी ठेवून जाळावे. शेजारच्या शेतकऱ्याला आधी सांगावे. शेवटची राख हाताच्या पालथ्या बाजूने जवळून चाचपून, गार लागल्याशिवाय घरी जाऊ नये. जंगलालगतच्या शेतात तर हे काम करूच नये. राखीव वनात आग लावणे किंवा जाऊ देणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे.

आग लागलीच तर

अग्निशामक बंब बोलवावाच (क्रमांक १०१ किंवा ११२). पण बंब शहरात असतो आणि वाडी दूर असते. पहिला अर्धा तास आपलाच असतो. त्या वेळात आधी माणसे, मग जनावरे, मग वस्तू हा क्रम मोडू नये.

जनावरे बहुधा दाव्याला बांधलेली असल्याने जळतात. दावे सोडायला सरकगाठ असावी, आणि गोठ्याच्या दाराशी एक विळा कायमचा टांगलेला असावा. गोठ्याला दोन बाजूंनी वाटा असाव्यात. घराचा विजेचा मुख्य खटका आधी बंद करावा. तोवर पाणी मारू नये. गवताची लहान आग कडुनिंबाच्या ओल्या डहाळ्यांनी किंवा भिजवलेल्या पोत्यांनी कडेकडेने झोडपून विझवता येते. मात्र आगीच्या तोंडासमोर आणि चढाच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नये. अंगावर सुती कपडे असावेत. टेरिकॉट आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. मूठभर हिरवे गवत तोलून घ्या. ते सावलीत आठवडाभर वाळवून पुन्हा तोला. वजनातली घट म्हणजे गेलेले पाणी. हाच प्रयोग कार्तिकात आणि चैत्रात करून दोन्ही आकडे शेजारी मांडा.

२. वाळक्या गवताची एक जुडी सकाळी सातला आणि दुपारी दोनला संवेदनशील काट्यावर तोला. फरक थोडा असेल, पण तो का पडतो यावर मुलांना बोलू द्या.

३. ताटात ओली माती थापून तीत काड्यापेटीतल्या काड्या, गुल वर करून, ओळीने खोचा. एका ताटात त्या जवळजवळ, दुसऱ्यात दूर दूर. एका टोकाची काडी पेटवा. मग ताट तिरके करून पुन्हा पाहा. अंतर आणि चढ यांचा परिणाम लगेच दिसतो. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, पटांगणात, पाण्याची बादली शेजारी ठेवून करावा; मुलांनी लांबून पाहावा.

४. मुलांना आपापल्या घराचा नकाशा काढायला सांगा. पाच, तीस आणि शंभर फुटांची तीन वर्तुळे आखून त्यांत सरपण, गंजी, कुंपण, तार, पाण्याची टाकी दाखवायची. अंतर पावलांनी मोजावे. आधी प्रत्येकाने आपले पाऊल किती फुटांचे, ते मोजून ठेवावे.

चौथा उपक्रम विशेष आग्रहाने करावा असे वाटते. सगळे नकाशे वर्गाच्या भिंतीवर गल्लीच्या क्रमाने शेजारी शेजारी लावले, की एकाचे वर्तुळ दुसऱ्याच्या घरावर जाते. एकाच्या भिंतीपासून लांब ठेवलेली गंजी शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेली निघते. त्यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही; ती ठेवणाऱ्याने आपल्या घरापासून अंतर राखलेलेच असते. पण असा नकाशा समोर असला, की ती गंजी कुठे हलवायची हे दोन घरांना मिळून ठरवता येते. त्यासाठी योग्य वेळ मार्गशीर्ष-पौषाची, गवत अजून ओलसर असतानाची. वैशाखात ते ठरवायला उसंत नसते.